पुयोलची 5 नंबर जर्सी: फॅशन स्ट्रीट आणि धोबी तलावावर काय बघून घ्यावी

मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर मेस्सीची जर्सी मागावी लागत नाही, समोरच लटकलेली असते. बार्सिलोनाचा कप्तान राहिलेल्या, स्पेनकडूनही खेळलेल्या कार्लेस पुयोलची मागितली की बहुतेकदा बार्सिलोनाचा कोरा टी-शर्ट पुढे येतो आणि नाव-नंबर धोबी तलावावरून छापून घ्या असं सांगतात. बचावपटूच्या वाट्याला हेच येतं. पण कोरा माल घेऊन छापण्यात फायदाही आहे: साल आपण निवडतो. आणि पुयोलच्या बाबतीत सालच महत्त्वाचं, कारण 1999 ते 2014 या काळात तो एकाच क्लबसाठी 593 सामने खेळला. त्यातली कुठलीही जर्सी उचलून 5 छापला म्हणजे ती पुयोलची झाली असं नाही.

सगळ्यात जास्त घोळ अर्ध्या निळ्या, अर्ध्या लाल जर्सीत होतो. अशा दोन आहेत. एक 1999-2000 ची, क्लबच्या शताब्दीची. पुढे कोणाचीच जाहिरात नाही. त्याच मोसमात, 2 ऑक्टोबर 1999 ला वायादोलिदविरुद्ध पुयोल पहिल्यांदा पहिल्या संघातून उतरला, पण 5 नंबर त्याला पुढे काही वर्षांनी मिळाला. म्हणून शताब्दीच्या जर्सीवर 5 टाकला तर तो चुकीचा. दुसरी 2008-09 ची, छातीवर युनिसेफ. आमचं मत स्पष्ट आहे: एकच घ्यायची असेल तर हीच घ्या. 2 मे 2009 ला रेआल माद्रिदच्याच बर्नाबेउ मैदानावर त्यांना 6-2 हरवलं तेव्हा सहकारी शावीच्या फ्री किकवर पुयोलने हेडरने गोल केला आणि दंडावरची कप्तानाची पट्टी काढून तिचं चुंबन घेतलं, ते याच जर्सीत. त्याच महिन्यात रोममध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात दानी आल्वेस निलंबित होता म्हणून पुयोल उजव्या बाजूला खेळला आणि मँचेस्टर युनायटेडला 2-0 ने हरवून कप उचलला, तोही हीच घालून.

2006 च्या पॅरिसमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याची हवी असेल तर छाती कोरी असली पाहिजे. युनिसेफ त्याच्या पुढच्या मोसमात आलं. 'पॅरिस फायनल' सांगून युनिसेफवाली दाखवली तर सरळ परत द्या. कतार फाउंडेशनचं नाव 2011-12 आणि 2012-13 चं. कतार एअरवेजची 2013-14 ची म्हणजे त्याचा शेवटचा मोसम. गुडघ्याने साथ सोडली होती, मैदानावर तो फार दिसला नाही. ती संग्रहासाठी ठीक.

स्पेनच्या लाल जर्सीत चूक चांदणीची, म्हणजे विश्वचषक जिंकल्याच्या खुणेची. 7 जुलै 2010 ला डर्बनमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध 73 व्या मिनिटाला शावीच्या कॉर्नरवर त्याने धावत येऊन जो हेडर घातला, त्या वेळी बोधचिन्हावर चांदणी नव्हती. असणार कशी, विश्वचषक जिंकायचा होता. चांदणी अंतिम सामन्यानंतरची. बाजारात चांदणीवालीच जास्त मिळते, बिनचांदणीची दिसली तर सोडू नका. देशासाठी 100 सामन्यांत त्याचे गोल तीनच, आणि त्यातला हा एक.

आता कापड. 'फर्स्ट कॉपी' म्हणजे चांगली नक्कल म्हणून जे मिळतं त्यातलं पातळ पॉलिएस्टर मुंबईच्या दमटपणात अंगाला चिकटतं. बारीक जाळीचं निवडा. जर्सी उलटी करून क्लबच्या चिन्हाची मागची बाजू बोटाने चाचपा. शिवणकामाखाली कडक अस्तर तसंच ठेवलेलं असेल तर टर्फवर तासभर खेळल्यावर छातीला खरचटतं. लेबलवरच्या साइजवर जाऊ नका, कॉपी बहुतेक एक साइज लहान निघते. अंगाला बसणारा जुना टी-शर्ट सोबत न्या आणि काखेपासून काखेपर्यंत मापून बघा.

छपाई धोबी तलावाच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत करून घेणं बरं, तिथे हीट प्रेस, म्हणजे गरम दाबून छापणारं यंत्र, रोज चालतो. आकडा ज्यातून कापतात ते साधं व्हिनाइल (चिकटणारी प्लास्टिकची शीट) साधारण 150 अंशांवर 15 सेकंद दाबतात. लाल पॉलिएस्टरवर इथेच बिघडतं: उष्णतेने कापडाचा रंग सुटून व्हिनाइलमध्ये चढतो आणि पिवळा आकडा दोन दिवसांत नारिंगी, पांढरा गुलाबी होतो. म्हणून स्पेनच्या जर्सीसाठी कमी तापमानाचं, रंग रोखणारं व्हिनाइल मागा. नसेल तर दुसरं दुकान. वरची फिल्म काढल्यावर कागद ठेवून आणखी पाच सेकंद दाबायला सांगा. ते टाळलं की 'वाय'चं टोक आणि 5 ची कड आधी उचलते. आकडा निदान 25 सेंटिमीटर उंच हवा. 20 चा मुलांच्या जर्सीसारखा दिसतो. आणि नाव कागदावर लिहून द्या: पी, यू, वाय, ओ, एल. तोंडी सांगितलं की भलतंच छापून येतं.

धुताना उलटी करून थंड पाण्यात, पिळायची नाही, छपाईवर इस्त्री नाही. पावसाळ्यात ओलसर असताना घडी घातली तर आकडा स्वतःलाच चिकटतो आणि उघडताना सोलतो. हँगरवर पंख्याखाली वाळवा.

कप्तानाची पट्टी वेगळी घ्यावी लागते. तयार मिळते ती नुसत्या 'सी'ची. पुयोलची ओळख म्हणजे पिवळ्यावर चार लाल पट्ट्यांची, कातालोनियाच्या झेंड्याची, आणि ती शिवूनच घ्यावी लागेल. शिवताना वेल्क्रो नको, इलॅस्टिक सांगा. वेल्क्रोची खरखरीत बाजू बाहीच्या जाळीत अडकते आणि पहिल्याच सामन्यात धागे ओढते.