किलिमांजारो: मारांगू की माचामे?
टांझानियातील किलिमांजारोच्या ५,८९५ मीटर उंच उहुरू शिखरासाठी दोराच्या चढाईचे कौशल्य लागत नाही. खरी कसोटी विरळ हवेची असते, आणि मारांगू व माचामे या वाटांमधला मुख्य फरकही तिथेच पडतो. माचामेच्या वाटेने जाणारे सुमारे ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून त्याच दिवशी बरेच खाली, बारांको तळावर मुक्कामाला येतात, त्यामुळे शरीराला उंचीची सवय होण्यास वाव मिळतो. दुसऱ्या सकाळी मात्र बारांकोची भिंत काही ठिकाणी हातांचा आधार घेत चढावी लागते, आणि पावसानंतर तो खडक निसरडा होतो.

मारांगूचा चढ सौम्य असून मुक्कामाला तंबूंऐवजी पक्के निवारे आहेत, म्हणून मार्च ते मे या पावसाळी महिन्यांत तीच वाट सोयीची ठरते. परंतु ती पाच दिवसांत उरकण्याचा मोह (खर्च वाचतो, हे खरे) अनेकांना शिखराआधीच परतवतो. मारांगूच्या वाटेवरील होरोंबो या मुक्कामी एक दिवस जादा थांबण्याची तयारी नसेल, तर कोरड्या ऋतूत सात दिवसांची माचामेच निवडावी.