विकिपीडिया आणि घाटातला अपघात: दोन महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

विकिपीडियाचा रिव्ह्यू कोण लिहितं असं म्हणाल, पण मिसळीवर चार पानं लिहितो आपण, मग दिवसातून दहा वेळा जे उघडतो त्यावर का नको. आणि हा रिव्ह्यू वाचणाऱ्याचा नाही, लिहायला गेलेल्याचा आहे, तोही एकाच कामापुरता, की रस्त्यावरच्या अपघाताचं वेगळं पान करायचं का नाही हे तिथे ठरतं कसं. दोन महिने रात्री जेवण झालं की हेच वाचत बसतो, बायको म्हणते झोपायच्या आधी कसले मेले अपघात वाचायचे.

निमित्त घरचंच. मी चौथीत असताना गावाजवळच्या घाटात वऱ्हाडाचा टेम्पो दरीत गेला, नऊ माणसं गेली, त्यात माझा चुलतकाका. अजून त्या वळणावर एसटीचा ड्रायव्हर एक हात स्टिअरिंगवरून उचलून कपाळाला लावतो. म्हटलं याचं पान व्हायला पाहिजे.

सुरुवात झकास झाली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, आणि तिथली नावं कुणी ठेवली माहीत नाही पण त्या माणसाला माझ्याकडून चहा. कच्चं लिहायची जागा म्हणजे धूळपाटी, गप्पा मारायची जागा म्हणजे चावडी! धूळपाटीवर मी दीड तासात मोठा लेख पाडला, करुण वगैरे, शेवटी तर "काळाने घाला घातला" पण लिहिलं. मग शांतपणे नियम वाचले आणि एकेक ओळ खोडत गेलो.

नियमाचं नाव उल्लेखनीयता. मला वाटायचं किती माणसं गेली त्यावर असेल, पण आकड्याचा असा उंबरठाच नाही. विचारतात ते वेगळंच, की घटनेनंतर तिच्यावर कुणी लिहिलं का? दुसऱ्या दिवशीची बातमी सगळ्यांचीच येते, ती धरत नाहीत फारशी. सहा महिन्यांनी, वर्षाने कुणी चौकशी अहवालाबद्दल लिहिलं का, कायदा बदलला का, रस्ता बदलला का. इंग्रजी विकिपीडियावर पान काढून टाकायच्या चर्चा साधारण सात दिवस चालतात, त्या वाचा एकदा. ठेवा, काढा, दुसऱ्या पानात विलीन करा, प्रत्येकाने कारण द्यायचं, आणि शेवटी नुसती डोकी मोजत नाहीत तर कारणं बघतात. भाषा मात्र कोरडी ठाक. "असे अपघात रोज होतात" हे वाक्य आलं की मला चीड यायची, मग सरकारी आकडा बघितला, २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे रोजची साडेचारशेच्या वर. चीड राहिली पण भांडायला तोंड राहिलं नाही.

आता आपल्याकडचीच उदाहरणं या फुटपट्टीने मोजून बघा. महाडचा सावित्रीवरचा पूल, २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसट्या अंधारात नदीत. त्यानंतर चौकशी आयोग, राज्यभरच्या जुन्या पुलांची चर्चा, आणि नवा पूल वर्षाच्या आत उभा. इथे कुणी पान काढून टाका म्हणणारच नाही. समृद्धीवरची १ जुलै २०२३ ची बस घ्या, नागपूरहून पुण्याला निघालेली, सिंदखेडराजाजवळ दाराच्या बाजूलाच आडवी पडली आणि पेटली, आतली माणसं निघणार कुठून, २५ गेले. त्यावरून बसच्या बांधणीपासून सरळसोट रस्त्यावर ड्रायव्हरला येणाऱ्या झापडीपर्यंत किती महिने लिहिलं गेलं. तेही पास.

मग आंबेनळी. २८ जुलै २०१८, दापोलीच्या कृषी विद्यापीठातले लोक सहलीला महाबळेश्वरला निघालेले, पोलादपूरच्या वर बस दरीत, तीस माणसं. एका संस्थेतली तीस माणसं एका सकाळी! आणि तरी या फुटपट्टीवर पुण्यातल्या कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण, १९ मे २०२४, त्याच्यापेक्षा आरामात पास होतं, तिथे अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघं गेले. कारण तिथे पुढे जामिनाची अट म्हणून ३०० शब्दांचा निबंध आला, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, अल्पवयीन आरोपींच्या कायद्यावर देशभर वाद झाला. नियमाने बघाल तर बरोबर आहे. पण माझी खरी तक्रार इथेच आहे बघा. विकिपीडिया म्हणतो आम्ही ठरवत नाही, बाहेर काय छापून आलं ते बघतो. आणि बाहेर काय छापून येतं? पुण्यामुंबईतला चौक असला की वर्षभर कॅमेरे, घाटातली दरी असली की तिसऱ्या दिवशी सामसूम. म्हणजे पेपरवाल्यांचा कंटाळा कोशात उतरतो, फक्त संदर्भासकट.

घाई न करायचा जो सल्ला ते देतात तो मात्र शंभर टक्के पटला. आंबेनळीचाच पहिल्या दिवशीचा आकडा ३३ फिरत होता. त्या दिवशी कुणी पान केलं असतं तर चूक आकडा कॉपी होत होत कुठच्या कुठे गेला असता.

आणि वेगळं पान नाही म्हणजे घटना पुसली असं पण नाही, हे मला उशिरा कळलं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरला सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली, मागे बेल्ट न लावता बसलेले मिस्त्री गेले, ती हकीकत त्यांच्या चरित्रात आणि मागच्या सीटच्या बेल्टच्या विषयात बसते. तसंच अपघात घाटाच्या पानात, हायवेच्या पानात टाकता येतो. माझ्या मते बहुतेक अपघातांना हीच जागा चांगली, कारण घाटाचं पान वाचणाऱ्याला तिथे आधी काय काय झालंय ते एका जागी दिसतं.

तर आमच्या टेम्पोचं काय. संदर्भाला लिंकच पाहिजे असं नाही, पेपरचं नाव, तारीख, पान दिलं तरी चालतं. वडिलांच्या कपाटात कात्रण होतं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, दोन बोटं रुंद, काकाचं नाव चुकीचं. त्यानंतर एका ओळीची बातमी कुठे नाही, मी वाचनालयात दोन शनिवार फाईली उपसल्या. आईला सगळं माहितीय, टेम्पो कुणाचा, ब्रेकचं काय झालेलं, पुढे कोण बसलेलं, पण आई म्हणजे संदर्भ नाही. वेगळं पान मी केलंच नाही. घाटाच्या पानात एक वाक्य टाकलं, साल, वळण, नऊ मृत्यू, खाली कात्रणाचा संदर्भ. दोन दिवसांनी कुणीतरी येऊन माझं ऱ्हस्वदीर्घ सुधारून गेलं, वाक्य आहे तिथेच आहे.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो आंबेनळीसाठी.

आईला मोबाईलवर वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून परत स्वतः वाचलं, बोटाने खाली सरकवून बघितलं. "नावं नाहीत होय?" नाहीत म्हटलं, तिथे मृतांच्या याद्या लावत नाहीत. जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव, कपाटात ओल येते.