जनरेटरची जोडणी: सुटी वायर की चेंजओव्हर स्विच?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वीज गेली की कूलर आणि फ्रिजसाठी लहान पेट्रोल जनरेटर बाहेर काढला जातो. त्याची जोडणी दोन प्रकारे करता येते.

पहिल्या प्रकारात जनरेटरच्या सॉकेटमधून जाड, तीन तारांची एक्स्टेन्शन वायर थेट उपकरणापर्यंत नेतात. खर्च कमी येतो, परंतु वायर रिळावर गुंडाळलेली राहिल्यास तापते, म्हणून ती पूर्ण उलगडावी.

दुसऱ्या प्रकारात परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतात. हा स्विच घराला एका वेळी एकाच स्रोताशी जोडतो, आणि त्याचे खरे मोल येथेच आहे. कारण स्विच नसताना दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरीने घरातील सॉकेटमध्ये वीज सोडल्यास ती उलट दिशेने रोहित्रात जाऊन ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. ही ‘जुगाडू’ जोडणी पर्याय म्हणून मोजण्याच्याही लायकीची नाही.

एक-दोन उपकरणांसाठी सुटी वायर पुरेशी आहे. वीज वारंवार जात असेल, तर मी स्विचच निवडेन.

जोडणी कोणतीही असो, इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसल्याने जनरेटर ओसरीत किंवा गोठ्यात न ठेवता खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर, मोकळ्यावर ठेवावा आणि इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे.