गुण चेहऱ्याचे की सदऱ्याचे?

प्रोफाइलसाठी कोणते छायाचित्र ठेवावे, हे अनोळखी लोकांच्या मतांवरून ठरवून देणारी एक ऑनलाइन सेवा मी काही काळ वापरली. आपण छायाचित्र अपलोड करायचे, ते पाहून इतरांनी कर्तबगारी, विश्वासार्हता आणि मनमिळाऊपणा यांसाठी गुण द्यायचे आणि त्या बदल्यात आपणही इतरांना गुण द्यायचे, अशी तिची पद्धत आहे.

कल्पना निराधार नाही. चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी पाहणारा मत बनवतो आणि अधिक वेळ दिल्यास त्या मताबद्दलची त्याची खात्रीच तेवढी वाढते, असे मानसशास्त्राचे संशोधक जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांना २००६ मध्ये आढळले होते. स्वतःचे छायाचित्र निवडण्यात तर आपण कच्चेच असतो. अनोळखी व्यक्तींनी निवडलेली छायाचित्रे अधिक अनुकूल छाप पाडतात, असे २०१७ च्या एका संशोधनात दिसले. मला स्वतःला विचारमग्न वाटणारे छायाचित्र लोकांना सरळसरळ त्रासलेले वाटले, हे या सेवेमुळेच कळले.

खरी अडचण कपड्यांची आहे. तोच चेहरा, तोच उजेड, पण चुरगळलेल्या टी-शर्टऐवजी इस्त्रीचा कॉलरचा सदरा घातला, तर कर्तबगारीचे गुण लक्षणीय वाढले. सेवेच्या सशुल्क ‘व्यक्तिमत्त्व अहवाला’त मात्र त्याचे श्रेय माझ्या ‘आत्मविश्वासपूर्ण नजरे’ला दिले होते. (अभिप्रायांत एकाने ‘कॉलर छान’ एवढेच लिहिले होते, अहवालापेक्षा तो प्रामाणिक म्हणायचा.) डोंगवोन ओ, एल्डार शफीर आणि टोडोरोव्ह यांच्या २०२० मधील संशोधनात किंचित ‘श्रीमंत’ भासणाऱ्या कपड्यांतले चेहरे अधिक सक्षम मानले गेले, आणि कपड्यांकडे दुर्लक्ष करा असे स्पष्ट सांगूनही हा परिणाम टिकून राहिला. गुण देणाऱ्यांना जे जमत नाही, ते निदान सेवेने गुणांची फोड करताना दाखवायला हवे होते. तसे न केल्याने वेशभूषेची किंमत माणसाच्या स्वभावावर चिकटवली जाते.

गुण देणाऱ्यांपैकी काही जण केवळ आपली बाकी फेडण्यासाठी भराभर बटणे दाबतात, हेही जाणवते.

एकाच पोशाखातील दोन-तीन छायाचित्रांतून एक निवडायचे असेल, तर सेवा उपयोगी आहे आणि त्यासाठी तिची मोफत सोय पुरते. सशुल्क ‘व्यक्तिमत्त्व अहवाल’ मात्र घेऊ नये.