इक्विटोस ते सांता रोसा: मालवाहू लांचा की जलद बोट?

गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीवर मोजणाऱ्या नाशिककरांनी ॲमेझॉनवरही आधी पाण्याचीच चौकशी करावी. साधारण जुलै ते ऑक्टोबर पाणी उतरतं, पेरूतल्या इक्विटोस शहरातून सीमेवरच्या सांता रोसाला जाणारी मालवाहू लांचा (मोठी नदीबोट) वाळूत रुतते आणि दोन-तीन दिवसांचा प्रवास लांबतो. तरीही जंगल पाहायचं तर लांचाच! हॅमॉक (झोपायची झोळी) आणि ३-३ मीटरच्या दोन दोऱ्या स्वतःच्या न्याव्यात. इंजिन आणि संडासापासून लांब, मधल्या भागात बांधाव्यात. रात्री वारा बोचतो, सोलापुरी चादर पुरते. जलद बोट दिवसभरात पोहोचवते, पण सगळा वेळ खुर्चीतच. कशानेही जा, सांता रोसाला पेरूचा निर्गमन शिक्का घेतल्याशिवाय पलीकडच्या, कोलंबियातल्या लेटिसियाकडे वळू नका. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या. भारतात परतताना दाखला मागतात.