इयान्स पिझ्झा, मॅडिसन: शेंगदाण्याची चटणी सोबत न्या

आधी मनाची तयारी करा. इथला सगळ्यात प्रसिद्ध पिझ्झा मॅकरोनीचा आहे. मैद्याच्या रोटीवर मैद्याच्याच नळ्या, आणि वरून चीजचा लगदा. चपातीवर चकोल्या ओतून कुणी ताट पुढे केलं असतं, तर आमच्या सासूबाईंनी त्याला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. पण मी खाल्ला, पुरता खाल्ला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. चव सौम्य आहे, लहान मुलाला भरवावी तशी. हा दोष दुकानाचा नाही, माझ्या जिभेचा. पर्समधली शेंगदाण्याची चटणी भुरभुरली आणि जमलं. पहिल्यांदा लेक लाजली, दुसऱ्या वेळी तिनेच डबी मागितली.

पत्ता सोपा आहे. विस्कॉन्सिनच्या राजधानीत, मॅडिसनला, स्टेट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. एका टोकाला विद्यापीठ, दुसऱ्या टोकाला राज्याचं विधानभवन. विधानभवनाच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडलात की हे दुकान लागतं. काचेमागचे पिझ्झे बघायचे, बोट दाखवायचं, पोरगं तुकडा भट्टीत गरम करून कागदी ताटलीत देतं. तुकडा चांगला थोराड असतो, माझ्या वयाच्या बाईला एकच पुरे. मांस-मासे न खाणाऱ्यांनी बोट दाखवण्याआधी विचारावं. मी गुरुवार पाळते, म्हणून विचारलं. उत्तर हसून मिळालं.

एवढ्यावर परीक्षण संपलं असतं. पण मी या दुकानात पिझ्झ्यासाठी गेलेच नव्हते. चौदा वर्षांपूर्वी माझ्या पोरीला उपाशी झोपू न देणारं दुकान म्हणून बघायला गेले होते.

फेब्रुवारी २०११. ती तेव्हा इथे संशोधन करत होती, खालच्या वर्गांना शिकवत होती, आणि अशा शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेत होती. सकाळी माझी शाळेची गडबड, आणि हिचा फोन: "आई, आज मी विधानभवनात झोपणार आहे."

मी म्हटलं, "दार कुणी उघडलं?"

"उघडंच आहे. आम्ही शेकडो जण आहोत."

आईला दुसरं काय सुचणार? "जेवलीस का?"

"पिझ्झा आला. इजिप्तहून."

मी म्हटलं, तिथवर येईपर्यंत निवला असेल.

नंतर कळलं ते असं. त्यांचे नवे राज्यपाल स्कॉट वॉकर, रिपब्लिकन पक्षाचे, जानेवारीत सत्तेवर आले (तिकडे राज्यपाल म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा) आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी 'अर्थसंकल्प दुरुस्ती विधेयक' आणलं. पुढच्या दोन वर्षांत ३६० कोटी डॉलरची तूट येणार, म्हणून सरकारी नोकरांनी पेन्शनच्या वर्गणीचा निम्मा वाटा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याचा किमान १२.६ टक्के भाग स्वतः भरावा. मला आधी वाटलं, एवढंच ना? आणि गंमत म्हणजे मोठ्या संघटनांचे पुढारीही तेच म्हणाले: पैसे कापा, कबूल, पण वाटाघाटीचा हक्क ठेवा. सरकारने ते मानलं नाही. तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला की भांडण तिजोरीचं नाही.

बाकीची कलमं बघा. संघटनेने फक्त मूळ पगारावर बोलायचं, तेही महागाईच्या दराच्या आत. जास्त हवं असेल तर मतदारांचं सार्वमत घ्यायचं. कामाचे तास, रजा, वर्गात किती पोरं, यावर बोलायचंच नाही. दरवर्षी मतदान घेऊन संघटनेने आपली मान्यता पुन्हा मिळवायची, आणि बहुमत मोजायचं ते मतदान करणाऱ्यांचं नाही, सगळ्या कर्मचाऱ्यांचं. म्हणजे जो घरी झोपला, तो 'नको' म्हणाला असं धरायचं. आणि शेवटी, पगारातून संघटनेची वर्गणी कापणं बंद.

हे शेवटचं कलम वाचून मी लेकीला म्हटलं, हे लिहिणारा माणूस हुशार आहे. मी तालुक्याला शिक्षक संघटनेची खजिनदार होते, आठ वर्षं. पावतीपुस्तक घेऊन वाड्यावस्त्यांवरच्या शाळा फिरले आहे. "पुढच्या महिन्यात देतो, बाई" हे वाक्य मी जितकं ऐकलं, तितकं पाढेही ऐकले नसतील. लाठीने संघटना मोडत नाही हो, उलट घट्ट होते. पावतीपुस्तकाने मोडते. तिथेही तेच झालं. २०१० साली त्या राज्यात शंभरातले सुमारे चौदा कामगार संघटनेत होते, दहा-बारा वर्षांत आठाच्या आसपास आले. आणि हे घडलं कुठे, तर १९५९ साली सरकारी नोकरांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क देणाऱ्या देशातल्या पहिल्या राज्यात.

या विधेयकाविरुद्ध लेकीसारखे लोक विधानभवनात ठाण मांडून बसले. विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे चौदा सिनेटर (राज्याच्या वरच्या सभागृहातले आमदार) गणपूर्ती होऊ नये म्हणून शेजारच्या इलिनॉय राज्यात पळाले. हॉटेलात आमदार नेऊन ठेवायची कला आपलीच, अशी माझी समजूत होती. तीन आठवडे त्यांनी ताणलं. पण जास्त हजेरीची अट पैशाच्या विधेयकाला होती. ९ मार्चला सत्ताधाऱ्यांनी पैशाची कलमं बाजूला काढून उरलेलं हजर होते तेवढ्यांतच सिनेटमध्ये मंजूर करून घेतलं. ११ मार्चला सही झाली.

आणि हे सगळं चालू असताना हे दुकान काय करत होतं? जगभरातून लोक फोन करून कार्डाने पैसे भरत होते: आमच्या नावाने आत बसलेल्यांना पिझ्झे द्या. दुकानवाले खोकी चळतीने उचलून समोरच्या विधानभवनात नेत होते. दुकानात एक फळा होता, त्यावर खडूने राज्यांची नावं लिहायचे. पन्नासच्या पन्नास भरली. मग देशांची. इजिप्त त्यातलाच. कैरोच्या तहरीर चौकातल्या उठावाचे ते दिवस होते, तिथल्या कुणाला तरी मॅडिसनच्या मास्तरांची आठवण झाली.

फळा म्हटला की माझं काळीज हलतं, पण इथे मला आठवला तो आमच्या विट्याच्या किराणावाल्याचा लाल वह्यांचा ढीग. १९७७ चा संप. वडील तहसील कचेरीत कारकून. महागाई भत्ता केंद्राप्रमाणे द्या, या मागणीसाठी र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातले कर्मचारी ५४ दिवस बाहेर होते. मी दहावीत होते. पगार बंद. आई मला पिशवी देऊन पाठवायची, आणि शेठजी न बोलता ज्वारी मापून वहीत आकडा मांडायचे. एकदाही "वडलांना पाठव" म्हणाले नाहीत. संप मिटल्यावर ती उधारी फेडायला वडिलांना पुढची दिवाळी उजाडली. कर्णिकांचं नाव पेपरात आलं. शेठजींचं कुठेच आलं नाही, म्हणून मी निदान इयान्सचं तरी इथे लिहून ठेवते आहे.

दुसऱ्या बाजूचंही ऐका, कारण मी ते लेकीच्या शेजाऱ्याकडून ऐकलं आहे, आणि माणूस सज्जन आहे. २००८ च्या मंदीत त्याचा कारखाना बंद पडला, विमा गेला, आणि घराच्या करातून मास्तरांचा विमा मात्र तो भरत राहिला. त्याने वॉकरना मत दिलं. तसं मत देणारे कमी नव्हते: २०१२ साली विरोधकांनी नऊ लाखांवर सह्या गोळा करून त्यांना परत बोलावण्याची निवडणूक लावली, आणि ते ५३ टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले. "तुम्हाला पेन्शन आहे का?" त्याने मला विचारलं. मी "आहे" म्हटलं आणि चहात बघत बसले. हाच प्रश्न मला सांगलीत रिक्षावालाही विचारतो.

मला आहे, कारण मी १९८२ ला लागले. आमच्या स्टाफरूममध्ये १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नव्हती. एकच टेबल, एकच चहा, मध्ये तारखेची रेघ. वॉकरनीही अशीच रेघ मारली होती: पोलीस आणि अग्निशामक दलाला कायद्यातून वगळलं. पण अग्निशामक दलाचे लोक बॅगपाइप वाजवत आंदोलकांत येऊन उभे राहिले. लेकीने तो व्हिडिओ मला पाठवला होता. मी तो २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा शोधून बघितला. १४ तारखेला आपल्याकडे 'एकच मिशन, जुनी पेन्शन'चा संप सुरू झाला, तेव्हा मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. रोज पंचवीस भाकऱ्या आणि झुणका बांधून मी सांगलीला जायचे. सातव्या दिवशी समिती आणि आश्वासनावर संप मागे घेतला गेला. आश्वासनाच्या दिवशीही पंचवीस भाकऱ्या केल्या होत्या, त्या रिक्षा थांब्यावर वाटल्या.

डिसेंबर २०२४ मध्ये डेन काउंटीच्या (मॅडिसनचा जिल्हा म्हणा) न्यायाधीशाने वॉकरांचा तो कायदा बराचसा रद्द ठरवला, आणि कारण तेच: काहींना वगळण्याची रेघ. मग अपील, आणि निकालाला स्थगिती. कोर्टाची गती इथून तिथवर सारखीच.

जाणार असाल तर दोन सूचना. आधी विधानभवन बघा. ते फुकट दाखवतात, आणि त्याचा ग्रॅनाइटचा घुमट आतून मान दुखेपर्यंत बघण्यासारखा आहे. नंतर भूक लागते, तेव्हा पिझ्झा चांगला लागतो. आणि बर्फाच्या दिवसांत तुकडा तिथेच बसून खा, बांधून नेऊ नका.

ही दुसरी सूचना लेकीची. मी तिला विचारलं, "तू तेव्हा खाल्लास तो तुकडा खरंच इजिप्तच्याच पैशाचा होता?"

"कुणाला माहीत. खोक्यावर नाव नव्हतं." मग म्हणाली, "निवलेला मात्र होता. तू बरोबर म्हणाली होतीस."