मुंबई महापालिकेची १९१६ सेवा : आपत्कालीन व्यवस्थापन विभागाचे एक सविस्तर परीक्षण

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत कार्यालय, दवाखाना, शाळा किंवा गृहनिर्माण संस्था चालवणाऱ्या कोणालाही बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या आपत्कालीन व्यवस्थापन विभागाकडे दुर्लक्ष करता येत नाही. सर्वसामान्य माणसाला हा विभाग १९१६ या दूरध्वनी क्रमांकातून, पाऊस आणि भरतीची माहिती देणाऱ्या संकेतस्थळ व ॲपमधून आणि जोरदार पावसाच्या दिवशी दर काही तासांनी निघणाऱ्या निवेदनांतून भेटतो. या सगळ्याच्या मुळाशी चोवीस तास जागा असलेला एक नियंत्रण कक्ष आहे. संस्थेचे कामकाज कोणत्याही परिस्थितीत सुरू कसे राहील याचे नियोजन, म्हणजेच सातत्य नियोजन, करणाऱ्या व्यक्तीला या सेवेचा किती उपयोग होतो, या एकाच दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे. माझे मत असे आहे की घडत असलेली आपत्ती टिपण्यात आणि संबंधित यंत्रणांना हलवण्यात ही सेवा देशातील महापालिकांमध्ये आदर्श ठरावी अशी आहे; मात्र आपत्तीच्या काळात महापालिकेच्या स्वतःच्या कोणत्या सेवा किती वेळ चालू राहतील, हे नागरिकांना आधीच सांगण्याच्या बाबतीत तिने अजून बराच पल्ला गाठायचा आहे.

सेवेचे मोल समजून घेण्यासाठी २६ जुलै २००५ या दिवसाकडे जावे लागते. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुदतीत कुलाबा येथे ७५ मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहरात एवढी तफावत असेल, तर दोन वेधशाळांच्या आकड्यांवरून कुर्ला, मुलुंड किंवा दहिसर येथे काय चालले आहे हे कळणे शक्यच नव्हते. पुढील काळात महापालिकेने शहरभर, मुख्यतः अग्निशमन केंद्रांच्या इमारतींवर, स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आणि दर १५ मिनिटांची नोंद मिळू लागली. आज या सेवेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. आपल्या कार्यालयाजवळच्या केंद्रावर गेल्या तासाभरात किती पाऊस पडला, हे घरबसल्या पाहता येणे ही वीस वर्षांपूर्वी अशक्य असलेली सोय आहे, आणि तिचा वापर होतो त्याहून पुष्कळ अधिक व्हायला हवा.

हे आकडे वाचायचे कसे, हे मात्र वापरणाऱ्याने शिकून घ्यावे लागते. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाचा निचरा करण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या सुधारणेसाठी तयार झालेल्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानुसार ती ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम पुढे हाती घेण्यात आले. समुद्राची भरती साडेचार मीटरच्या वर गेली की पातमुखांतून, म्हणजे वाहिन्या समुद्राला मिळतात त्या तोंडांतून, पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते, म्हणून त्या वेळी दरवाजे बंद करून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथील उदंचन केंद्रांतून पाणी उपसून समुद्रात टाकावे लागते. याचा अर्थ असा की कामकाजाचा निर्णय घेणाऱ्याने पावसाची तासाची गती आणि भरतीची वेळ या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर तो ‘अत्यंत मुसळधार’ ठरतो. पण तोच पाऊस दिवसभर सारखा विभागून पडला, तर ताशी साधारण साडेआठ मिलिमीटर होतो आणि बऱ्याच भागांत विनासायास वाहून जातो. उलट हवामान खात्याच्या पिवळ्या, म्हणजे केवळ सावध राहायला सांगणाऱ्या, इशाऱ्याच्या दिवशी ऐन भरतीत एका तासात ६० मिलिमीटर कोसळला, तर सखल भागातील तळमजल्यांत पाणी शिरते. महापालिका पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. ही यादी प्रत्येक कार्यालयाच्या सूचनाफलकावर लागलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

याच ठिकाणी पहिली उणीव जाणवते. निवेदनांत पावसाचे आकडे बहुधा शहर, पूर्व उपनगरे आणि पश्चिम उपनगरे अशा तीन सरासऱ्यांत दिले जातात. वृत्तपत्रांना ते सोयीचे असले, तरी सरासरीत नेमका धोका झाकला जातो. पश्चिम उपनगरांची सरासरी ४० मिलिमीटर असताना अंधेरीतील एखाद्या केंद्रावर ती संख्या दुप्पट असू शकते आणि अंधेरी भुयारी मार्गाचे भवितव्य त्या एका केंद्रावर ठरते. शिवाय महापालिकेचा पावसाचा दिवस सकाळी आठला आणि हवामान खात्याचा साडेआठला सुरू होतो. त्यामुळे एकाच दिवसाचे दोन वेगळे आकडे फिरत राहतात आणि त्यांतला फरक कोणी समजावून सांगत नाही. तासाचा सर्वाधिक वेग नोंदलेली पाच केंद्रे आणि पुढच्या भरतीची वेळ एवढे दोनच तपशील प्रत्येक निवेदनाच्या पहिल्या ओळीत दिले, तरी हजारो संस्थांचे निर्णय सुधारतील.

आता प्रत्यक्ष १९१६ विषयी. झाड उन्मळून पडले, भिंतीचा किंवा जुन्या इमारतीचा भाग कोसळला, कुठे शॉर्टसर्किट झाले, रस्त्यावर पाणी तुंबले, अशा वेळी हा क्रमांक कामाचा आहे. मुंबईत वीज बेस्ट, अदानी, टाटा आणि महावितरण यांच्यात वाटलेली आहे; रेल्वेमार्ग मध्य व पश्चिम रेल्वेच्या, काही रस्ते आणि पूल अन्य प्राधिकरणांच्या, तर अनेक जुन्या चाळी म्हाडाच्या अखत्यारीत येतात. संकटात सापडलेल्या माणसाने हा नकाशा तोंडपाठ ठेवावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. कॉल घेणाऱ्याने नोंद करून ती विभाग कार्यालयाकडे, अग्निशमन दलाकडे किंवा वीज कंपनीकडे पोहोचवायची आणि फोन करणाऱ्याला हद्दीच्या प्रश्नातून मोकळे करायचे, हीच या सेवेची खरी ओळख आहे. नियंत्रण कक्षाला प्रमुख यंत्रणांशी जोडणाऱ्या थेट दूरध्वनी वाहिन्या आणि पोलिसांच्या सीसीटीव्हीची दृश्ये यांमुळे हे समन्वयाचे काम शक्य होते. आग लागली असेल तर १०१, रुग्णवाहिका हवी असेल तर १०८ आणि पोलीस हवे असतील तर ११२ हे क्रमांक थेट लावणेच योग्य आहे.

या सेवेची सर्वांत कठीण परीक्षा पावसाने घेतली नाही. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत रुग्णालयातील खाटेसाठी नागरिकांनी १९१६ लावायचा असे ठरले आणि एका नियंत्रण कक्षावर संपूर्ण शहराचा भार आला. त्या वर्षीच्या जूनमध्ये महापालिकेने हे काम २४ विभागांमधील वॉर्ड वॉर रूमकडे, म्हणजे प्रत्येक विभागाच्या स्वतंत्र नियंत्रण कक्षाकडे, सोपवले. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत या यंत्रणेने घेतलेला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हा आहे. मध्यवर्ती कक्षात खुर्च्या आणि टेलिफोन वाढवत नेणे सोपे होते. त्याऐवजी अधिकार खाली दिले गेले, स्थानिक डॉक्टर आणि स्थानिक माहिती कामाला आली, आणि मुख्य म्हणजे एक कक्ष कोलमडला तरी उरलेले तेवीस चालू राहतील अशी रचना उभी राहिली. सातत्य नियोजनाच्या अभ्यासक्रमांत अधिकारांचे हस्तांतरण हा विषय शिकवला जातो. मुंबईने तो महामारीच्या ऐन धामधुमीत, शहराच्या आकाराला साजेशा पद्धतीने करून दाखवला. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून जाणार असे दिसताच वांद्रे-कुर्ला संकुल, दहिसर आणि मुलुंड येथील जम्बो केंद्रांतील (कोविडसाठी उभारलेल्या मोठ्या तात्पुरत्या रुग्णालयांतील) ५८० रुग्णांना वादळ येण्यापूर्वीच अन्य रुग्णालयांत हलवण्यात आले. तंबूवजा रचनेत ऑक्सिजनवर असलेला रुग्ण आणि वादळी वारा या दोन्हींचा विचार एकाच वेळी करणे हे आपत्ती व्यवस्थापनही होते आणि सेवेचे सातत्यही.

याच्या उलट बाजूला १८ जुलै २०२१ ची पहाट आहे. मुसळधार पावसाचे पाणी भांडुप येथील जलशुद्धीकरण संकुलात शिरले, तेथील विद्युत यंत्रणा पाण्याखाली गेली आणि शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. त्याच रात्री चेंबूर आणि विक्रोळी येथे दरड आणि भिंत कोसळून अनेकांचे प्राण गेले होते. अभियंत्यांनी अथक काम करून पंप टप्प्याटप्प्याने सुरू केले आणि पाणी उकळून प्यावे असे आवाहन करण्यात आले. त्या प्रयत्नांबद्दल आदरच वाटतो. परंतु आपत्तीला तोंड देणाऱ्या संस्थेची स्वतःची अत्यावश्यक सेवाच आपत्तीत सापडू शकते, हे त्या दिवशी उघड झाले. त्याआधी १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधील बिघाडाने मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि रुग्णालयांच्या जनित्रांतील डिझेल हा काही तासांसाठी शहरातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बनला. अशा प्रसंगी १९१६ वर फोन करणाऱ्याला ‘तक्रार नोंदवली आहे’ यापलीकडचे उत्तर मिळायला हवे. पाणी किती तासांनी येईल, कोणत्या प्रसूतिगृहात जनित्र चालू आहे, कोणती स्मशानभूमी सुरू आहे, ही माहिती त्या कक्षात तयार असायला हवी आणि ती नागरिकाला मागता आली पाहिजे.

नियंत्रण कक्षाच्या स्वतःच्या सुरक्षिततेचा प्रश्नही इथेच येतो. न्यूयॉर्क शहराच्या आपत्कालीन विभागाचे अद्ययावत केंद्र वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सातव्या क्रमांकाच्या इमारतीत होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी ते रिकामे करावे लागले, संध्याकाळी ती इमारत कोसळली आणि विभागाला हडसन नदीकाठच्या ९२ क्रमांकाच्या धक्क्यावर नव्याने कक्ष उभारावा लागला. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचा मृत्यू झाला आणि राज्य शासनाच्या असंख्य फायली जळाल्या. म्हणून मुख्य कक्ष निकामी झाल्यास वापरायच्या पर्यायी कक्षाची केवळ तरतूद पुरेशी मानता येत नाही. मुख्य कक्ष बंद ठेवून पर्यायी कक्षातून संपूर्ण पाळी चालवण्याचा सराव दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व्हावा आणि त्याचा अहवाल जाहीर व्हावा. अमेरिकेत संघराज्य शासनाच्या विभागांनी अत्यावश्यक कामे १२ तासांच्या आत पर्यायी व्यवस्थेत सुरू करावीत आणि ती ३० दिवसांपर्यंत चालवता यावीत, असा दंडक आहे. मुंबईसारख्या महापालिकेने याच धर्तीवर स्वतःचे आकडे ठरवून लोकांपुढे ठेवावेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये आराखड्यांची तरतूद आहेच. २०२५ च्या सुधारणेने मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापण्याचा मार्गही मोकळा झाला आहे. त्या आराखड्यात दरडी, पूर आणि वादळे यांच्याइतकीच पाने पाणी, रुग्णालये, कचरा संकलन आणि मृत्युनोंदणी यांच्या सातत्यासाठी असावीत. घरातील माणूस गमावलेल्या कुटुंबाला दुसऱ्याच दिवशी मृत्यूचा दाखला लागतो, आणि तो देणारी खिडकी पाण्यामुळे बंद असेल तर त्या कुटुंबाची आपत्ती संपलेली नसते.

एकूण गुणांकन करायचे झाले, तर पाऊस आणि भरतीच्या माहितीला मी पाचपैकी साडेचार, समन्वयाला चार आणि सेवांच्या सातत्याविषयीच्या पारदर्शकतेला दोन गुण देईन. हे दोन गुण कमी वाटले, तरी त्यामागे या विभागाच्या क्षमतेवरचा विश्वास आहे. ज्या यंत्रणेने २०२० मध्ये अल्पावधीत २४ वॉर रूम उभ्या केल्या, तिला पाण्याच्या, दवाखान्यांच्या आणि दाखल्यांच्या सातत्याची यादी प्रसिद्ध करणे अवघड नाही.

ज्यांना यंदा ही सेवा संस्थेसाठी वापरायची आहे, त्यांनी भरतीची यादी मे महिन्याच्या अखेरीसच उतरवून घ्यावी, जवळच्या दोन पर्जन्यमापक केंद्रांची नावे कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावीत आणि मोठ्या भरतीच्या दिवशी तासाला ३० मिलिमीटरची नोंद दिसताच लांब राहणाऱ्या सहकाऱ्यांना घरी जाण्याची मुभा द्यावी. आपल्या विभाग कार्यालयातील नियंत्रण कक्षाचा वेगळा दूरध्वनी क्रमांक १९१६ च्या शेजारी लिहून ठेवावा, तक्रार केल्यावर नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, आणि तळमजल्यावरील सर्व्हर, जनित्र किंवा औषधांचा साठा पावसाळ्याआधीच वरच्या मजल्यावर हलवावा.